मिस क्लारा बार्टन : बेपत्ता शिपायांच्या घरांची कैवारीण

लढाई संपून जय मिळाला म्हणजे तोफांची सलामी होते, सेनापतींच्या मिरवणुका निघतात आणि पुढे त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या घरातून गेलेला मुलगा परत आला नाही, त्या घरात त्या दिवशी काय चालले असते, याचा विचार मिरवणूक पाहणाऱ्यांच्या मनात क्वचितच येतो. मुलगा धारातीर्थी पडला असे निश्चित कळले तर आई रडते, शेजारीपाजारी येऊन तिचे सांत्वन करतात आणि काळाच्या ओघात दुःखाची धार थोडी बोथट होते. पण तो जिवंत आहे की मेला, मेला तर कोठे मेला, त्याला मूठभर माती तरी मिळाली की नाही, हे काहीच कळत नसेल, तर त्या घराने काय करावे? अशा घरात रात्री दाराची कडी वाजली की आई दचकून उठते. असे एक नव्हे, हजारो घरे एका स्त्रीने आपली मानिली आणि त्या प्रत्येक घरास उत्तर मिळावे म्हणून चार वर्षे एका खोलीत बसून पत्रे लिहिली. त्या स्त्रीचे चरित्र यंदाच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करावे असे आम्हांस वाटते.

क्लारा बार्टन हिचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी, ता. २५ डिसेंबर १८२१ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी झाला. पाच भावंडांत ही सर्वांत धाकटी; तिच्या वरची भावंडे वयाने बरीच मोठी होती. वडील स्टीफन बार्टन शेतकरी होते; तरुणपणी त्यांनी सैन्यात शिपाईगिरी केली होती. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीजवळ बसून ते धाकट्या मुलीस आपल्या मोहिमांच्या हकीकती सांगत. सैन्याची रचना, हुद्दे, छावणीतील उपासमार व थंडी या गोष्टी क्लारेस अशा रीतीने लहानपणीच ठाऊक झाल्या. शिपाई म्हणजे चित्रातला झगमगीत पोशाख नव्हे, तर थंडीने कुडकुडणारा कोणाचा तरी मुलगा आहे, हे ती बापाच्या मांडीवर बसून शिकली असे म्हटले तरी चालेल.

ही मुलगी स्वभावाने कमालीची लाजाळू होती. परक्या माणसापुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. परंतु ती सुमारे अकरा वर्षांची असताना तिचा भाऊ डेव्हिड कोठाराच्या उंच छपरावरून खाली पडला आणि त्यास मोठे दुखणे लागले. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे त्याच्या अंगास जळवा लावीत. ते काम क्लारेने आपल्याकडे घेतले. सुमारे दोन वर्षे ती शाळा व खेळ सोडून भावाच्या उशाशी बसून राहिली. पुढे भाऊ बरा झाला. स्वतःसाठी बोलताना ज्या मुलीची जीभ अडखळे, ती दुसऱ्याच्या दुःखासाठी मात्र डोंगरासारखी अढळ राहू शकते, हे घरच्या माणसांस तेव्हाच दिसून आले. हा गुण तिच्या पुढील सर्व आयुष्याची किल्ली आहे, असे आम्हांस वाटते.

तिचा बुजरेपणा जावा म्हणून वडीलधाऱ्यांनी तिला शिक्षकीण होण्याचा सल्ला दिला. १८३९ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, ती एका खेड्यातील शाळेवर रुजू झाली. वर्गातील काही मुलगे तिच्याएवढेच उंच व चांगलेच दांडगे होते. छडीने त्यांस वठणीवर आणण्याऐवजी ती मधल्या सुट्टीत त्यांच्या खेळात उतरली. भावांच्या संगतीत वाढल्यामुळे चेंडू फेकण्यात ती कोणासही हार जाणारी नव्हती. मुले चकित झाली व तिच्या शब्दात राहू लागली. आम्ही स्वतः शिक्षकाच्या पेशातले असल्यामुळे हा प्रसंग लिहिताना आम्हांस विशेष आनंद होतो.

पुढे १८५२ साली न्यू जर्सी राज्यातील बॉर्डनटाऊन या गावी तिने सर्वांसाठी विनामूल्य शाळा काढली. त्या काळी फुकट शाळा म्हणजे भिकाऱ्यांची शाळा अशी त्या गावात समजूत होती. पहिल्या दिवशी केवळ सहा मुले आली. परंतु थोड्याच काळात पटावरील संख्या शेकड्यांवर गेली आणि गावाने नवी इमारत बांधिली. इमारत उभी राहिल्यावर मात्र गावच्या कारभाऱ्यांस वाटले की एवढ्या मोठ्या शाळेवर मुख्य म्हणून स्त्री शोभत नाही. त्यांनी अधिक पगार देऊन एका पुरुषास तिच्यावर नेमिले. तिने १८५४ साली ती शाळा सोडिली. झालेला अन्याय तिच्या जिव्हारी लागला, पण ती रडत बसली नाही. ती वॉशिंग्टन या राजधानीच्या शहरी गेली आणि सरकारच्या पेटंट कचेरीत कारकून झाली. तेथे पुरुष कारकुनांइतकाच पगार मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक होती. कचेरीत स्त्री बसलेली पाहून काही पुरुष कारकून तिला येताजाता छळीत. सरकार बदलले तेव्हा, १८५७ मध्ये, तिची नोकरीही गेली. १८६० च्या निवडणुकीत लिंकन निवडून आल्यानंतर ती पुन्हा त्या कचेरीत आली. कागदपत्रे नीट लावणे, नोंदी अचूक ठेवणे, सुवाच्य अक्षर काढणे ही कारकुनी विद्या पुढे कोणत्या कामी येणार आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि राष्ट्र एकत्र राखण्यासाठी लिंकन यांनी सैन्य बोलाविले. मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण राजधानीकडे येत असता ता. १९ एप्रिल रोजी वाटेत बाल्टिमोर शहरी जमावाने तिच्यावर हल्ला केला. चार शिपाई ठार झाले व अनेक जखमी झाले. पलटण वॉशिंग्टनला पोहोचली तेव्हा तिला उतरावयास जागा नव्हती, म्हणून सेनेटच्या सभागृहात तिची सोय करण्यात आली. बार्टनबाई पाहावयास गेल्या, तो काय! शिपायांत त्यांच्या ओळखीचे चेहरे दिसले; त्यांतील काही तर त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले होते. बाईंनी घरातील जुन्या चादरी फाडून त्यांचे रुमाल केले, खाण्याचे जिन्नस जमविले आणि गावाकडचे वर्तमानपत्र मिळवून सभापतीच्या उंच आसनावर बसून ते सर्वांस मोठ्याने वाचून दाखविले. परक्यापुढे न बोलणारी ती लाजाळू मुलगी त्या दिवशी कोठल्या कोठे नाहीशी झाली.

त्यांचे वृद्ध वडील १८६२ च्या मार्चमध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी मुलीस शिपायांच्या सेवेस जाण्यास अनुमती दिली. लष्करी अधिकाऱ्यांकडे पुष्कळ खेपा घातल्यावर त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये बाईंना प्रत्यक्ष रणभूमीवर जाण्याचा परवाना मिळाला. तेथे त्यांनी जे केले त्याचे सविस्तर वर्णन करावयास एक पुस्तक लागेल. ता. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे घनघोर लढाई झाली. शस्त्रवैद्यांजवळील पट्ट्या संपून ते मक्याच्या कणसांची पाने जखमांवर बांधीत होते, अशा वेळी बाईंची गाडी सामान घेऊन तेथे पोहोचली. एका जखमी शिपायाचे डोके हातावर घेऊन त्या त्यास पाणी पाजीत असता एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो शिपाई त्यांच्या हातांवरच गतप्राण झाला. बाईंस इजा झाली नाही. रात्र पडली तेव्हा त्यांच्याजवळ कंदील होते, म्हणून वैद्यांस आपले काम चालू ठेवता आले.

परंतु आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शिपाई मरणोन्मुख असता बाई त्याचे नाव, गाव व पलटण विचारीत आणि आपल्या खिशातील लहान वहीत टिपून ठेवीत. १८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्ग येथे एका मोठ्या घराचे इस्पितळ झाले होते. तेथे जे मेले त्यांची नावे त्यांनी अशा रीतीने टिपिली. हे एवढेसे काम कशासाठी, असे कोणी म्हणेल. तर त्या काळच्या सैन्यात शिपायाच्या गळ्यात नावाचा बिल्ला नसे. घाईघाईने पुरलेल्या प्रेताची ओळख राहत नसे. आणि मेलेल्याच्या घरी कळविण्याची पक्की सरकारी व्यवस्थाही नव्हती. एखादा सोबती किंवा इस्पितळातील एखादी दयाळू स्त्री पत्र लिही, तरच घरी वर्तमान पोहोचे. युद्धानंतर सरकारने तीन लाखांहून अधिक शिपायांची प्रेते उकरून राष्ट्रीय स्मशानभूमींत नीट पुरली, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांची नावेच कळली नाहीत. एवढ्यावरून या अंधाराची कल्पना येईल.

शिवाय हा प्रश्न केवळ अश्रूंचा नव्हता. तो भाकरीचाही होता. १८६२ च्या कायद्याप्रमाणे धारातीर्थी पडलेल्या साध्या शिपायाच्या विधवेस दरमहा आठ डॉलर पेन्शन मिळावयाचे होते. पोरके मुलगे-मुली आणि मुलावर अवलंबून असलेली आई यांचीही तरतूद होती. परंतु नवरा मेला याचा पुरावा कोठून आणावा? हजेरीपटावर बेपत्ता अशी नोंद असलेल्या शिपायाच्या विधवेस कचेरीचे दार सहज उघडत नसे. आणि चुकून पळपुटा अशी नोंद झाली असेल, तर पेन्शन तर राहोच, घराची अब्रूही जाई. ज्याने देशासाठी प्राण दिला, त्याच्याच मुलांनी गावात मान खाली घालून वावरावे, यापरता अन्याय कोणता?

युद्ध संपत आले तेव्हा बार्टनबाईंकडे देशभरातून आयाबहिणींची पत्रे येऊ लागली. बाई पुष्कळ रणांगणांवर फिरल्या आहेत, तेव्हा आपल्या मुलाविषयी त्यांस काही ठाऊक असेल, अशी त्या बिचाऱ्यांची आशा. बाईंनी ही गोष्ट लिंकन यांच्या कानांवर घातली. १८६५ च्या मार्चमध्ये लिंकन यांनी जाहीर केले की बेपत्ता शिपायांच्या आप्तांनी मिस बार्टन यांच्याकडे नाव, पलटण व तुकडी कळवावी. पुढच्याच महिन्यात लिंकन यांचा खून झाला. परंतु त्यांनी दिलेली संमती वाया गेली नाही.

वॉशिंग्टन शहरातील सातव्या रस्त्यावर एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर बाई राहत असत. तेथेच बेपत्ता शिपायांची कचेरी सुरू झाली. कामाची पद्धत साधी होती, पण तीत मोठे शहाणपण होते. आलेल्या पत्रांतून नावे काढावयाची, राज्यवार लावावयाची, त्यांच्या याद्या छापून गावोगावच्या पोस्ट कचेऱ्यांत लावावयाच्या व वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावयाच्या. या याद्या सरकारी छापखान्यात छापून देण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दिला. घरी परतलेला शिपाई यादी वाची, त्यात आपल्या सोबत्याचे नाव पाही आणि तो कोठे पडला, कोणी त्यास पुरले, हे बाईंस कळवी. मग बाई ते वर्तमान त्या घरी कळवीत. म्हणजे ज्याने पाहिले आणि ज्याला कळावयास हवे, त्या दोघांमध्ये कोणी नव्हते. ती जागा बाईंनी भरून काढिली. पेटंट कचेरीतील कारकुनी येथे फळास आली.

१८६५ पासून १८६८ पर्यंत त्या खोलीत ६३,००० हून अधिक पत्रे आली. बाईंनी व त्यांच्या थोड्या मदतनिसांनी ४१,००० हून अधिक उत्तरे पाठविली आणि २२,००० हून अधिक शिपायांचे काय झाले याचा शोध लाविला. आमच्या विद्यार्थ्यांनी या आकड्यांचा क्षणभर विचार करावा. बावीस हजार म्हणजे आपल्या शाळेच्या प्रार्थनेस जमणारी सर्व मुले अनेकदा मोजली तरी भरणार नाहीत इतकी माणसे. आणि त्या प्रत्येकासाठी निराळे पत्र, निराळा शोध, निराळे सांत्वन. टपालखर्च, भाडे व मदतनिसांचे वेतन यांसाठी बाईंनी प्रथम स्वतःजवळचा पैसा खर्च केला. पुढे १८६६ साली काँग्रेसने त्यांस पंधरा हजार डॉलर मंजूर केले.

या कामात एक कडू प्रसंगही आला. यादीत आपले नाव छापलेले पाहून एका जिवंत शिपायाने बाईंस रागाने पत्र लिहिले. आपली अशी जाहिरात का केली, आपण योग्य वाटेल तेव्हा घरी कळविले असते, असा त्याचा सूर होता. बाईंनी त्यास जे उत्तर दिले ते फार कडक होते. तुझी आई तुझी वाट पाहत पाहतच मेली, तिच्या अखेरच्या इच्छेखातर तुझी बहीण तुझा शोध करीत आहे, आणि त्याचीच तुला लाज वाटते काय, असा त्याचा आशय होता. तू जिवंत आहेस हे तुझ्या बहिणींस आपण अवश्य कळविणार, असेही त्यांनी बजाविले. आमच्या वाचकांपैकी जे मुलगे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घरापासून दूर राहतात आणि महिनोन्‌महिने आईस पत्र पाठवीत नाहीत, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

आता अँडरसनव्हिलची हकीकत सांगावयाची. जॉर्जिया राज्यात या ठिकाणी दक्षिणेकडील सरकारने युद्धकैद्यांसाठी उघड्या मैदानावर लाकडी कुंपणाचा तुरुंग केला होता. १८६४ च्या फेब्रुवारीपासून सुमारे चौदा महिन्यांत तेथे ४५,००० कैदी आणिले गेले. डोक्यावर छप्पर नाही, प्यावयास एका घाण ओहोळाचे पाणी, अन्न अपुरे. त्यांतील जवळजवळ १३,००० कैदी तेथेच मेले. प्रेते लांब चरांत शेजारी शेजारी पुरीत आणि प्रत्येकाच्या डोक्याशी क्रमांकाची खुंटी ठोकीत.

त्या कैद्यांत डॉरेन्स ॲटवॉटर नावाचा एक कोवळा तरुण होता. अक्षर चांगले म्हणून त्यास मेलेल्यांची नोंदवही लिहावयास बसविले. क्रमांक, नाव, पलटण, मरणाची तारीख, रोग असे तो दररोज लिही. त्याच्या मनात आले की युद्धानंतर ही वही शत्रूने दडविली किंवा नष्ट केली, तर या हजारो घरांस कधीच काही कळणार नाही. म्हणून त्याने जिवाची पर्वा न करिता गुप्तपणे दुसरी प्रत केली आणि सुटकेच्या वेळी ती अंगावरील कपड्यांत लपवून बाहेर आणिली. बेपत्ता शिपायांची यादी पाहून त्याने बार्टनबाईंस पत्र लिहिले. बाईंच्या ध्यानात तत्काळ आले की वहीतील क्रमांक आणि खुंटीवरील क्रमांक जुळविले म्हणजे प्रत्येक थडग्यास नाव देता येईल.

१८६५ च्या जुलैमध्ये कॅप्टन मूर यांच्या हाताखाली सुतार, रंगारी व मजूर यांची तुकडी घेऊन सरकारने मोहीम पाठविली. तिच्याबरोबर बार्टनबाई व ॲटवॉटर हेही गेले. ऐन उन्हाळ्यात, तापाच्या साथीत, फळ्या कापणे, त्यांवर नाव, पलटण व तारीख रंगविणे आणि एकेक फळी योग्य थडग्याशी रोवणे हे काम सुमारे तीन आठवडे चालले. बारा हजारांहून अधिक थडग्यांस नावे मिळाली. केवळ सुमारे ४६० फळ्यांवर अज्ञात असे लिहावे लागले. ता. १७ ऑगस्ट रोजी त्या स्मशानभूमीवर राष्ट्राचे निशाण चढविण्यात आले, आणि ते चढविण्याचा मान बार्टनबाईंस देण्यात आला. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही शाळेत अनेकदा ऐकतो. एक मेंढरू हरवले तर धनी नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास जातो. त्या दाखल्याचा अर्थ त्या दिवशी अँडरसनव्हिलच्या लाल मातीत लिहिला गेला असे आम्ही समजतो.

ॲटवॉटरला मात्र बक्षीस मिळाले नाही, शिक्षा मिळाली. ती यादी कोणाच्या मालकीची यावरून लष्करी खात्याशी त्याचा तंटा झाला, त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला आणि तो तुरुंगात गेला. बाईंनी त्याची बाजू सोडिली नाही. सुमारे दोन महिन्यांनी तो सुटला, आणि १८६६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यून या पत्राने ती संपूर्ण यादी थोड्या किमतीत छापून काढिली. गरीब विधवेसही ती विकत घेता यावी हाच हेतू. सत्कृत्य केले म्हणजे जग लगेच हार घालते असे नाही, हेही विद्यार्थ्यांनी येथे शिकावे.

पुढील आयुष्य आम्ही थोडक्यात सांगतो. गावोगाव व्याख्याने देऊन बाईंचा आवाज बसला व प्रकृती ढासळली. विश्रांतीसाठी १८६९ साली त्या युरोपात गेल्या. तेथे जिनिव्हा शहरी रेड क्रॉस संस्थेची माहिती त्यांस प्रथमच झाली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले, आणि विश्रांती बाजूस राहिली. वेढ्याने उद्ध्वस्त झालेल्या स्ट्रासबुर्ग शहरात त्यांनी निराधार स्त्रियांस शिवणकाम देऊन त्याची मजुरी दिली. भिक्षा घातली तर पोट भरते पण मान जाते, काम दिले तर दोन्ही राहतात, हे त्यांनी जाणिले होते. मायदेशी परतल्यावर अनेक वर्षे खटपट करून त्यांनी १८८१ साली अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकेने जिनिव्हा येथील करारास मान्यता दिली. १८८९ चा जॉन्सटाऊनचा महापूर, १८९८ चे क्यूबातील युद्ध, १९०० चे गॅल्व्हेस्टनचे तुफान अशा अनेक संकटांत त्या वृद्धापकाळीही स्वतः धावून गेल्या.

त्यांच्या अंगी दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. सर्व सूत्रे आपल्याच हाती ठेवण्याची त्यांस हौस होती. संस्थेचे हिशेब ठेवण्यात व्यवस्थितपणा राहिला नाही अशी टीका झाली. आणि अखेर १९०४ साली त्यांनी अध्यक्षपद सोडिले. ता. १२ एप्रिल १९१२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मेरीलँड राज्यातील ग्लेन एको येथे त्या वारल्या. जन्मगावी आईबापांजवळ त्यांस मूठमाती देण्यात आली. सातव्या रस्त्यावरील ती कचेरी पुढे लोक विसरून गेले. १९९६ साली ते घर पाडण्यापूर्वी तपासणी करीत असता एका सरकारी सुतारास माळ्यावर जुनी कागदपत्रे व बेपत्ता शिपायांच्या कचेरीची पाटी सापडली. घर वाचले, आणि तेथे आता संग्रहालय आहे. हरवलेल्यांस शोधणारी ती खोलीच हरवली होती. तिला शोधून काढणाराही एक साधा कामकरीच निघाला.

आता हे चरित्र आमच्या मराठी मुलांनी का वाचावे? सातारा जिल्ह्यात व कोकणात अनेक गावांच्या चावडीवर, देवळाच्या भिंतीत किंवा शाळेच्या दारी एक लहानशी शिळा आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तीवर कोरलेले असते. आकडा आहे; नाव नाही. मराठा पलटणींतील पुष्कळ शिपाई मेसापोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडून १९१६ साली कैद झाले आणि त्यांतील कित्येक घरी परतले नाहीत. बसरा येथील मोठ्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली. ही वागणूक न्याय्य नव्हती, असे युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेनेच २०२१ साली चौकशीअंती कबूल करून क्षमा मागितली आहे. मेलेल्याचा मान राखणे म्हणजे काय, याचे उत्तर बार्टनबाईंनी देऊन ठेविले आहे. प्रथम त्याचे नाव शोधा, ते त्याच्या घरी पोहोचवा, आणि मग त्या घराची भाकर चालते की नाही ते पाहा. फुलांचा हार त्यानंतर.

म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सांगतो. या सुट्टीत आपापल्या गावी जाल तेव्हा अशी शिळा आहे का ते पाहा. असल्यास गावातील सर्वांत वृद्ध माणसांजवळ बसा, त्या आकड्यामागील नावे विचारा व वहीत नीट लिहून आणा. एखादे नाव एखाद्या आजीच्या ओठावर अजून जिवंत असेल. आणि ज्या घरातील मुलगा अलीकडच्या काळात सीमेवर पडला असेल, त्या घरी केवळ स्वातंत्र्यदिनी नव्हे, एखाद्या साध्या दिवशीही जा. त्या आईस पाणी भरून द्या, कचेरीचा कागद वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या. सुवाच्य अक्षर, नीट ठेवलेली वही आणि दुसऱ्याच्या दुःखास दिलेले उत्तर एवढ्याच भांडवलावर बार्टनबाईंनी बावीस हजार घरांचा अंधार दूर केला. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी आपली शाळा तुम्हांस शिकविते. तिसरी परमेश्वराने प्रत्येकाच्या अंतःकरणात आधीच ठेविली आहे; तिचा उपयोग करण्याची बुद्धी तो आपणां सर्वांस देवो, एवढीच आमची प्रार्थना आहे.